ऑर्डेलियाचं नाव पेपरात आलं

ऑर्डेलिया क्रेनशॉला चर्चमधून काढलं ते एकेचाळीस साली. ती तेव्हा बावीस वर्षांची होती. लग्नाला दीड वर्ष झालं होतं. गुन्हा असा, की शनिवारी ती पर्ल हॉलमध्ये बँडबरोबर जॅझ गायची आणि रविवारी सकाळी त्याच गळ्यानं चर्चच्या गायकांत उभी राहायची. सभेत रेव्हरंडनी विचारलं, "हिला काढावं असं कोणाकोणाला वाटतं?" हात वर झाले. त्यात पहिल्याच बाकावरचा एक हात तिच्या सासूचा होता.

सभा संपल्यावर सासू, जिला सगळं गाव मानानं मिस झेनोबिया म्हणायचं, तिच्याबरोबरच चालत घरी आली. घरी येऊन तिनं एप्रन बांधला, कोंबडी तळायला घातली आणि म्हणाली, "देवाच्या घरात मी देवाची. इथे मी तुझी सासू. बस जेवायला."

तीन वर्षांनी ऑर्डेलियाचा नवरा फ्रान्समध्ये लष्कराचा ट्रक चालवताना गेला. मूलबाळ नव्हतं. सासूनं सुनेला जा म्हटलं नाही आणि सुनेनंही घर सोडलं नाही. मिसिसिपी नदीच्या बांधाखाली दोन खोल्यांचं ते घर, त्यात एक बाई सकाळ-संध्याकाळ भजनं म्हणायची आणि दुसरी गोऱ्यांच्या घरचे शर्ट इस्त्री करता करता पर्ल हॉलची गाणी गुणगुणायची. "तुझं ते सैतानाचं गाणं जरा हळू म्हण, मला माझा देव ऐकू येत नाही," असं मिस झेनोबिया म्हणायची. हे वीस वर्षं चाललं.

बँड गस लॅव्हेंडरचा. गस पियानोवर, बाकी सहा जण. गस तिच्याहून दहा वर्षांनी मोठा, उंच, कमी बोलणारा. ऑर्डेलियाची गायची एक तऱ्हा होती. ती ठेक्याच्या किंचित मागे रेंगाळायची. शब्द आता पडेल, आता पडेल असं वाटायचं आणि ऐकणारा श्वास धरून बसायचा, मग ती तो शब्द अगदी सहज, वाटेत सापडल्यासारखा ठेवून द्यायची. नव्या वादकांची यात फजिती व्हायची. गस मात्र तिच्यासाठी थांबायचा. बोटं पट्ट्यांवर, नजर तिच्या खांद्यावर. ती श्वास घेताना खांदा किती उचलते यावरून त्याला कळायचं की ही आता किती वेळ लावणार. बावीस वर्षं तो तिच्या खांद्याकडे बघत वाजवत होता.

शनिवारी पर्ल हॉल, आपल्या काळ्या लोकांसाठी. रविवारी दुपारी हार्डिन हाउस, गोऱ्यांचं हॉटेल. तिथे चर्चहून आलेली गोरी कुटुंबं जेवायला बसायची आणि बँड कोपऱ्यात हळू आवाजात वाजवायचा. आत जायची वाट स्वयंपाकघरातून. जेवण मागच्या पायरीवर. हॉटेलचा मॅनेजर मिस्टर हॅलोरन तसा वाईट माणूस नव्हता, निदान तसं सगळे म्हणायचे. "ऑर्डेलिया, तुझ्यामुळे लोक गोड खायला थांबतात," असं तो म्हणायचा. त्या हॉटेलच्या कामावर सात घरं चालत होती. गसची मुलगी दुसऱ्या राज्यात नर्सिंग शिकत होती, तिचा खर्चही त्याच कामातून निघायचा.

त्रेसष्टच्या वसंतात मतदार नोंदणीचं वारं हार्डिन लँडिंगला, त्यांच्या गावाला, पोचलं. जिल्ह्यात काळ्या माणसांची वस्ती गोऱ्यांहून जास्त, पण मतदारयादीत काळी नावं मोजून एकोणीस. चर्चमध्ये दर सोमवारी संध्याकाळी सभा व्हायला लागल्या. बाहेर पोलीस उभे राहून आलेल्या गाड्यांचे नंबर लिहून घ्यायचे. पहिल्या सोमवारी ऐंशी माणसं आली, दुसऱ्या सोमवारी तीस.

तिसऱ्या सोमवारच्या आदल्या दिवशी रेव्हरंड टिब्स घरी आले. हे नवे रेव्हरंड, वयानं ऑर्डेलियाहून लहान. हॅट हातात धरून दारात उभे राहिले.

"सिस्टर क्रेनशॉ, उद्या सभेत गायला याल का?"

"मला सिस्टर म्हणू नका, रेव्हरंड. तुमच्या वहीत माझं नाव नाही."

"वही माझ्याकडेच असते. आजच लिहितो."

आतून मिस झेनोबियाचा आवाज आला. "बावीस वर्षं सैतानाकडे ठेवली होती, आता तुमच्याकडे माणसं येईनात म्हणून देवाला तिची आठवण झाली का?"

रेव्हरंड खाली बघायला लागले. "तसंच आहे, मिस झेनोबिया. खोटं कशाला बोलू? लोक घाबरलेत. आमचे गायकही घाबरलेत. त्यांचा सूर लागत नाही. हिला भरल्या हॉलपुढे उभं राहायची सवय आहे."

ऑर्डेलियाला जायचं नव्हतं. बँड तिचा होता, इस्त्री तिची होती, आणि आयुष्य जसं होतं तसं तिनं अंगाशी बसवून घेतलं होतं. पण रेव्हरंड गेल्यावर सासूनं न विचारताच तिचा निळा ड्रेस इस्त्रीच्या फळीवर आणून टाकला. "जा. मीही येते. तू काय गातेस ते बघायला नको का कोणी?" म्हणाली.

सोमवारी चर्चमध्ये पस्तीस-चाळीस माणसं होती, तीही बाकांच्या कडेला, दाराजवळ. खिडक्यांतून पोलिसांच्या गाड्यांचे दिवे आत येत होते. ऑर्डेलिया उभी राहिली आणि सगळ्यांना पाठ असलेलं एक जुनं भजन तिनं धरलं. भजनासारखं नाही, तिच्या तऱ्हेनं. इतकं सावकाश, की एकेका शब्दाशी लोकांना थांबावं लागलं. न घाबरण्याबद्दलचा शब्द आला तेव्हा तिनं तो इतका लांबवला की एका म्हातारीनं खालून म्हटलं, "म्हण गं पोरी, म्हणून टाक." मग तिनं टाळीचा ठेका धरला, पर्ल हॉलचा, आणि सगळं चर्च उठून उभं राहिलं. बाहेरच्या गाड्यांचे दिवे तसेच होते, पण तिकडे कोणी बघेना.

गाणं संपल्यावर नोंदणीचं काम करणाऱ्या मुलीनं विचारलं, "उद्या सकाळी कोर्टात नाव नोंदवायला कोण येतंय?"

कोणी हात वर केला नाही. आत्ता ज्यांचे गळे फुटायला आले होते ते सगळे आपापल्या बुटांकडे बघत होते. ऑर्डेलिया पुढेच उभी होती. आपण या लोकांना घाबरू नका असं गाऊन सांगितलं आणि आता आपणच जागेवर जाऊन बसायचं, हे तिला जमेना. धैर्य वगैरे काही नव्हतं, तिला लाज वाटली. तिनं हात वर केला. मग आणखी पाच वर झाले.

या हातामागे आणखी सहा घरं होती, हे तिच्या मनात त्या क्षणी आलं नाही असं ती पुढे म्हणायची. आणि मग थांबून म्हणायची, "आलं होतं. मी ते बाजूला सारलं."

कोर्टात कारकुनानं वर बघून, कुठल्याही काळ्या बाईला गोरे मारतात तशी हाक मारली, "आंटी, चुकलीस का? कुत्र्यांचे परवाने पलीकडच्या खिडकीत मिळतात."

"मला मत द्यायचंय, सर. त्याचा कागद द्या."

त्यानं तिला राज्याच्या घटनेतलं नदीकाठच्या जमिनीबद्दलचं एक कलम उतरवून काढायला आणि त्याचा अर्थ लिहायला दिलं. वकिलालाही दोनदा वाचावं लागेल असं ते कलम. तिनं तासभर बसून लिहिलं. कारकुनानं कागद न वाचताच ड्रॉवरमध्ये टाकला. "नापास. महिन्यानं ये." साहीच्या साही जण नापास झाले.

नापास झाली तरी अर्ज केला होता, आणि अर्ज करणाऱ्याचं नाव, पत्त्यासकट, पेपरात दोन आठवडे छापायचं असा राज्याचा कायदा होता. आपला भाडेकरू, आपली मोलकरीण, आपला गडी त्यात आहे का हे गोऱ्यांना कळावं एवढ्यासाठी. गुरुवारी नावं आली. शुक्रवारी इस्त्रीची तीन घरं बंद झाली. एका बाईनं तर धुवायला दिलेले पडदेही ओले परत मागून नेले.

रविवारी हार्डिन हाउसच्या स्वयंपाकघरात मिस्टर हॅलोरन उभा होता. त्याच्या हातात कोरा कागद होता.

"ऑर्डेलिया, तुला कोणीतरी बाहेरच्यांनी फसवलं. तू एवढंच लिही. 'मला फसवण्यात आलं, मी अर्ज मागे घेते.' मी तो कागद दोन-चार लोकांना दाखवतो आणि विषय संपला. मला तुझं गाणं बंद करायचं नाहीये."

"मला कोणी फसवलं नाही, मिस्टर हॅलोरन."

"ते मला माहीत आहे," तो हळूच म्हणाला. "लिही तरी."

मागे गस आणि बाकीचे वाद्यं घेऊन उभे होते. तिनं कागद घडी करून सूपच्या भांड्याशेजारी ठेवला. मिस्टर हॅलोरननं मान हलवली आणि गसकडे बघून म्हणाला, "मग बँडही नको. माझा नाइलाज आहे. हॉटेल माझं नाही."

मागच्या गल्लीत सॅक्सोफोनवाला एल्मो तिच्या अंगावर आला. "राणीसाहेब, आता आम्ही काय खायचं? तुमचं नाव छापलेला पेपर?" आणि तो तडक निघून गेला. पंधरा दिवसांत तो शिकागोला गेला तो परत आला नाही.

गस थांबला. त्यानं सिगारेट पेटवली, दोन झुरके घेतले.

"डेलिया, तू मला विचारलं नाहीस."

"विचारलं असतं तर तू नको म्हणाला असतास."

"हो. म्हणून तर विचारलं नाहीस."

गस पुढे म्हणाला, "तुझं चूक असं मी म्हणत नाही. मलाही मत द्यायचंय. पण माझी वेळ मी ठरवली असती. पोरीचं शेवटचं वर्ष आहे, ते झालं की मी स्वतः गेलो असतो. तू माझी वेळ ठरवलीस. गोरे आयुष्यभर तेच करत आलेत."

हे वाक्य ऑर्डेलियाला कारकुनाच्या टोमण्यापेक्षा, पेपरातल्या नावापेक्षा जास्त लागलं. घरी येऊन तिनं सासूला सांगितलं. मिस झेनोबिया वाटाणे सोलत होती. "खरं बोलला तो," ती म्हणाली. पुढची शेंग उचलत म्हणाली, "तरी तो कागद लिहिला असतास तर मी तुला घरात घेतलं नसतं." दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या आणि दोन्ही घेऊन ऑर्डेलियाला झोपायचं होतं.

गसची मुलगी जूनमध्ये शिक्षण सोडून घरी आली. त्याच महिन्यात पर्ल हॉलच्या मालकाला बोलावून हॉलचा विमा रद्द झाल्याचं सांगण्यात आलं आणि हॉलला कुलूप लागलं. गस मेम्फिसला गेला. जाताना निरोप घ्यायला आला नाही.

आता गमावायचं काही उरलं नाही म्हणून म्हणा, की एवढं गमावलं ते फुकट जायला नको म्हणून म्हणा, ऑर्डेलिया चळवळीत पुरती शिरली. जुलैत कोर्टावर मोर्चा निघाला तेव्हा ती पहिल्या रांगेत गात होती. एकशेदहा जणांना धरलं. बायकांना जिल्ह्याच्या तुरुंगाच्या शेतावर नेलं आणि बत्तीस जणींना एका खोलीत कोंडलं. खोलीत एक नळ, एक संडास, आणि जमिनीवर पातळ गाद्या.

तिथे हॅटी बर्ड नावाची एक बाई होती. कापसाच्या शेतावर राबणारी, पन्नाशीची. पहिल्या दिवशी तिनं ऑर्डेलियाला विचारलं, "तूच ना ती हॉलमध्ये गाणारी? माझा नवरा तुझ्यापायी अर्धा पगार उडवायचा. मला एकदाही नेलं नाही मेल्यानं. आता फुकट ऐकव."

ऑर्डेलियानं ऐकवलं. भजनं, मोर्चाची गाणी, आणि हॅटीसाठी पर्ल हॉलची. जेलरनं दारातून सांगितलं, "गाणं बंद, नाहीतर गाद्या जातील." बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. हॅटीनं आपली गादी गुंडाळली आणि दारात नेऊन टाकली. "ने. ढेकूण होते त्यात." मग सगळ्यांच्या गेल्या.

पुढच्या आठवड्यात जेलरनं खिडक्या बंद केल्या. जुलैचा उकाडा, आत बत्तीस जणी. दुपारभर घामानं भिजायचं, मग जेलर नळी लावून गार पाण्यानं भिजवायचा, आणि ओल्या फरशीवर निजायचं. बऱ्याच जणी तापल्या. ऑर्डेलियाचा घसा धरला. गिळता येईना, कानापर्यंत कळ जायची. डॉक्टर मागितला, आला नाही. नवव्या दिवशी थुंकीतून रक्त पडलं.

कॉलेजात शिकणाऱ्या एका मुलीनं तिला सांगितलं, "मिस क्रेनशॉ, तुम्ही आता गाऊ नका. आम्ही गातो." ऑर्डेलियालाही ते कळत होतं. गळा कसा सांभाळायचा हे त्या खोलीत तिच्याएवढं कोणाला ठाऊक होतं? पण संध्याकाळी बायका गायला लागल्या की सूर भरकटायचा, एकीची पट्टी वर, दुसरीची खाली, आणि मग कोणीतरी रडायला लागायची, आणि एक रडली की दहा रडायच्या. हॅटीला जेवण पचत नव्हतं, ती पोट धरून भिंतीशी पडलेली असायची. "तू धरलंस की माझी कळ जरा थांबते," ती म्हणायची. ऑर्डेलिया धरायची. गसला विचारलं नव्हतं, त्याची फेड ती अशी करते आहे असंही तिला कधीकधी वाटायचं. मग स्वतःचाच राग यायचा, की इथे गाऊन त्याला काय मिळणार?

तेहतीस दिवसांनी सोडलं. बाहेर आली तेव्हा तिला कुजबुजताही येत नव्हतं. शेजारच्या जिल्ह्यात आपला एक डॉक्टर होता, त्यानं घशात आरसा घालून पाहिलं. "जखमा भरल्यात, पण व्रण राहिलेत. बोलता येईल. खालचे सूर येतीलही. वरचे नाही." ती मानेनं हो म्हणाली. घरी परतताना गाडीत मिस झेनोबियानं तिचा हात मांडीवर घेतला होता, तो घर येईपर्यंत सोडला नाही.

आवाज परतला तो खरखरीत, जाड, दुसऱ्याच कोणाचा वाटावा असा. मोर्चात चालायला तो पुरायचा. एकटीनं गायला नाही.

चौसष्ट साली नागरी हक्कांचा कायदा झाला. हॉटेलांना आता कोणाला अडवता येत नव्हतं. त्या शरदात मिस झेनोबिया एकदा म्हणाली, "मला ती खोली बघायचीय. जिथे तू बारा वर्षं गायलीस आणि मला कधी ऐकता आलं नाही."

"ऐकायची इच्छा कधी होती तुम्हाला, आई?"

"इच्छा नव्हती असं मी कधी म्हटलं? हळू म्हण, एवढंच म्हणत होते."

रविवारी दोघी पुढच्या दारानं हार्डिन हाउसमध्ये गेल्या. टेबल मिळालं, खांबामागचं. पाऊण तासानं जेवण आलं, बटाटे गार. शेजारच्या टेबलावरची चार माणसं उठून गेली. मिस्टर हॅलोरन नव्हता, त्याला काढलं होतं असं नंतर कळलं. पियानोच्या जागी नाणं टाकून वाजणारं रेकॉर्डचं यंत्र ठेवलं होतं.

"कुठे उभी राहायचीस?"

ऑर्डेलियानं यंत्राकडे बोट दाखवलं.

"काय म्हणायचीस? म्हणून दाखव. इथेच, बसल्या बसल्या."

ऑर्डेलियानं आजूबाजूला पाहिलं आणि अगदी खालच्या आवाजात, टेबलापुरतं, एक संथ गाणं धरलं. पहिल्या दोन ओळी गेल्या. तिसरी ओळ वर चढायची, तिथे आवाज फाटला आणि नुसती हवा निघाली. तिनं पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा हवाच. तुरुंगातून आल्यावर ती पहिल्यांदाच कोणासमोर रडली, तेही गोऱ्यांच्या जेवणघरात, खांबामागे.

मिस झेनोबियानं नॅपकिन टेबलावर ठेवला. "कोंबडीही वातड आहे. चल घरी."

पुढच्या वर्षी वॉशिंग्टनहून नोंदणी अधिकारी आले, कलमांची परीक्षा गेली. ऑर्डेलियाचं आणि सासूचं नाव एकाच दिवशी यादीत लागलं. मिस झेनोबिया तेव्हा एक्याऐंशी वर्षांची होती. तिनं एकदाच मत दिलं. सदुसष्टच्या मार्चमध्ये ती गेली.

अंत्यविधीला चर्च भरलं होतं. सासूनं सांगून ठेवलं होतं की माझ्या वेळी सून गाईल, दुसरं कोणी नको. ऑर्डेलिया पुढे गेली तर चर्चच्या पियानोवर गस बसलेला. केस पिकलेले, अंगावर मेम्फिसच्या एका अंत्यविधीगृहाचा काळा कोट. तिथेच तो आता वाजवायचा. त्याला कोणी बोलावलं नव्हतं, पेपरात वाचून आला होता. त्यानं तिच्याकडे पाहिलं नाही. पट्ट्यांवर हात ठेवले आणि सूर दिला, तिच्या जुन्या पट्टीहून बराच खाली. तिला काय झालंय हे त्याच्या कानावर गेलं होतं आणि कुठवर उतरावं लागेल याचा त्यानं येतानाच हिशेब केला होता.

ती गायली. खरखरीत गायली, पण शेवटपर्यंत गेली. दोनदा दम कमी पडला, तेव्हा तो थांबला.

नंतर अंगणात ती त्याच्या गाडीपाशी गेली. "जेवून जा, गस."

"लांब जायचंय."

"पोरगी कशी आहे?"

"दवाखान्यात फरशी पुसते. नर्स झाली असती." त्यानं दार उघडलं, मग तसाच उभा राहिला. "मीही मत देतो आता, डेलिया. प्रत्येक वेळी. तुझ्यासारख्यांमुळे देता येतं, हे मला कळतं. पण घरी येऊन पोरीचा युनिफॉर्म दोरीवर बघितला की तुझा राग येतो. दोन्ही जात नाहीत. काय करू?"

"काही करू नकोस," ती म्हणाली. "मी पोरीला पत्र लिहू का?"

गस गाडीत बसला. "लिही. उत्तर देईल की नाही, सांगता येत नाही."

तिनं त्याच आठवड्यात पत्र लिहिलं. मग दर वर्षी एक लिहीत राहिली. चौथ्या वर्षी उत्तर आलं, चार ओळींचं, त्यात मेम्फिसच्या हवेबद्दल होतं आणि वडिलांच्या गुडघ्यांबद्दल. ऑर्डेलियानं ते उभ्यानंच दोनदा वाचलं आणि त्याच संध्याकाळी पाचवं पत्र लिहायला बसली.